काळी गोळी, हिरवी गोळी

गेल्या माघात आमच्या गावच्या देवळाच्या अग्रशाळेत भाईंचा सत्कार झाला. समई होती, अबोलीचे हार होते, शाल-श्रीफळ आणि काचेच्या चौकटीतलं मानपत्र होतं, हायस्कुलातल्या मुलींनी पेटीच्या साथीवर स्वागतगीत म्हटलं. वक्ते मनापासून बोलले. भाई लहानपणी भर पावसात होडीने नदी ओलांडून शाळेत कसे जायचे, वडील अकाली गेल्यावर आईने कुळागर कसं सांभाळलं, मुंबईत एवढं नाव झालं तरी त्यांनी एकही चतुर्थी कशी चुकवली नाही, हे सगळं सांगून झालं, आणि ते सगळं खरंच होतं. भाई मान खाली घालून ऐकत होते. उत्तरादाखल ते अगदी थोडं बोलले. त्यात त्यांनी एका काच फुंकणाऱ्या कारागिराचं आणि हेलियमचं यंत्र चालवणाऱ्या दोघांचं नाव घेतलं, आणि खाली बसले. टाळ्या थांबल्यावर माझ्या शेजारी गुडघे चोळत बसलेली आमची मावशी माझ्याकडे वाकली आणि तिने हळूच विचारलं,

“पूण ताणें केलें तरी कितें गो?”

त्यांनी केलं तरी काय? मी म्हटलं, शास्त्रज्ञ आहेत ना, विजेवर संशोधन केलं त्यांनी. तिने मान हलवली, पण तिचं समाधान झालेलं नव्हतं. माझंही नव्हतं. घरी चालत येताना मानपत्रातल्या ओळी आठवून पाहिल्या. गावाचं नाव उज्ज्वल केल्याचं होतं, साधेपणाचं होतं, ज्ञानसाधनेचं होतं. उभं आयुष्य माणूस ज्या एका गोष्टीच्या मागे होता, ती गोष्ट मात्र त्या चौकटीत कुठेच नव्हती.

गोव्यात जाणून ऐकणाऱ्यांची वाण नाही. भजनी सप्त्यात रात्रभर मांडी घालून बसणारी, कुठल्या गवयाने कुठल्या देवळात कोणता राग मांडला होता हे कितीतरी वर्षांनी सांगणारी माणसं आमच्या गावात आजही आहेत. उत्सवी नाटकातल्या नटाचा सत्कार असला तर कोणीतरी उठून त्याचा एखादा प्रवेश म्हणून दाखवतं. पखवाजवादकाचा असला तर त्याच्या हाताबद्दल बोलतात, त्याच्या गरिबीबद्दल नाही. मग पदार्थविज्ञानात आयुष्य घालवलेल्या माणसाच्या वेळी आपण होडी आणि कुळागरापाशीच का थांबतो? ‘लोकांना कळणार नाही’ हे आपण लोकांना न विचारताच ठरवून टाकतो. यात त्या माणसावर अन्याय होतोच, पण ऐकणाऱ्यांवरही होतो. मावशी चौथीपर्यंत शिकलेली. पण तिने विचारलेला प्रश्न त्या दिवशी अग्रशाळेत विचारला गेलेला एकमेव नेमका प्रश्न होता, असं मला अजूनही वाटतं.

पाऊस सुरू झाल्यावर मी भाईंकडे जाऊ लागले. त्यांचं घर जुनं आहे, मधे राजांगण, भोवती सोपा. पावसाळ्यात राजांगणातल्या तुळशीभोवती पाणी साचतं आणि सोप्याच्या भिंतींना ओल येते. त्या ओलीपासून दूर, एका पत्र्याच्या पेटीत, प्लास्टिकमध्ये गुंडाळून त्यांनी आपल्या प्रयोगवह्या ठेवल्या आहेत. निवृत्तीनंतर मुंबई सोडताना भांडीकुंडी वाटून टाकली, वह्या आणल्या. मी मावशीचा प्रश्न त्यांना जसाच्या तसा सांगितला. ते हसले नाहीत. थोडा वेळ विचार करून म्हणाले, “मोजमाप केलं. धातू गार करत गेलो आणि त्यांतून वीज किती अडते ते मोजत गेलो.” मग पेटी उघडली.

ज्यांना हे ठाऊक आहे त्यांनी पुढची चार वाक्यं सोडून द्यावीत. तारेतून वीज जाते तेव्हा ती अडखळते आणि त्यात तार तापते. तार गार करत गेलं की अडथळा कमी होतो, पण उरतो. काही पदार्थांत मात्र एका ठरावीक तापमानाखाली तो कमी होत नाही, तर संपतोच. मग अशा तारेच्या कड्यात एकदा सोडलेला प्रवाह, गारवा टिकेल तोवर, वर्षानुवर्षं तसाच फिरत राहतो.

ही अतिवाहकता (सुपरकंडक्टिव्हिटी) पहिल्यांदा दिसली ती नेदरलँड्समधल्या लायडेनच्या प्रयोगशाळेत, ८ एप्रिल १९११ रोजी, पाऱ्यात. हाइके कामरलिंग ओन्नेस यांनी १९०८ साली हेलियमचा द्रव करून दाखवला होता. त्याचं तापमान उणे २६९ अंश सेल्सियस, म्हणजे केवळ ४.२ केल्विन; ज्याच्या खाली तापमान जाऊच शकत नाही त्या निरपेक्ष शून्यापासून मोजलेले हे अंश. त्या थंडीत पारा घातला आणि वहीत नोंद पडली की पारा जवळजवळ शून्य. भाईंनी हे सांगितलं आणि लगेच पुढे म्हणाले, “त्या दिवशी विरोध, म्हणजे विजेचा अडथळा, मोजण्याच्या यंत्रापाशी होता खिलेस होल्स्ट. थंडीचं यंत्र सांभाळत होता खेरित फ्लिम. निबंधावर नाव एकट्या ओन्नेसचं.” त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. ओन्नेसबद्दल त्यांना अतोनात आदर आहे. पण ही दोन नावं ते कधी गाळत नाहीत. अग्रशाळेतल्या त्यांच्या भाषणात काचकाम करणारा आणि हेलियमवाले का आले होते, ते मला त्या क्षणी कळलं.

त्यांच्या उमेदीच्या काळात हेलियम म्हणजे परदेशातून येणारी महागडी चीज. उडून गेलेला वायूसुद्धा नळीने मोठ्या फुग्यात गोळा करायचा, दाबून पुन्हा टाक्यांत भरायचा, पुन्हा द्रव करायचा. आठवड्यात आपली पाळी कधी येईल ते फळ्यावर लिहिलेलं असे, आणि पाळी आली की भांड्यातला हेलियम संपेपर्यंत घरी जायचं नाही. द्रव किती उरलाय हे बघायचं कसं, तर एक लांब बारीक नळी आत सोडायची. तिच्या वरच्या टोकाला रबराचा पातळ पडदा ताणून बांधलेला. त्यावर अंगठा ठेवायचा. नळीचं खालचं टोक द्रवात असलं की पडदा संथ थरथरतो, टोक द्रवाबाहेर आलं की थरथर एकदम जलद होते. तेवढ्यावरून पातळी ओळखायची आणि नळीवर खूण करायची. हे सांगताना भाईंनी उजवा अंगठा हवेत धरला होता आणि डोळे मिटले होते. शेजारच्या खोलीत रात्री तीन वाजता कोण बसलेलं असायचं, कोणाच्या डब्यात काय असायचं, हेही त्यांना आठवत होतं. सुनेने चहा आणून ठेवला, तो तसाच गार झाला.

मग १९८७. त्या वर्षाचं नाव काढलं की त्या पिढीच्या सगळ्याच भौतिकशास्त्रज्ञांचा आवाज बदलतो, असं मला नंतर इतरांकडूनही ऐकायला मिळालं. १९८६ मध्ये झुरिचजवळच्या प्रयोगशाळेत बेडनॉर्ट्झ आणि म्युलर यांना तांब्याच्या ऑक्साइडमध्ये ३० केल्विनच्या पुढे विजेचा अडथळा नाहीसा होताना दिसला. तांब्याचं ऑक्साइड म्हणजे मातीच्या भांड्यांच्या कुळातली चीज, जिच्यातून वीज नीट जाईल असंही कोणी म्हटलं नसतं. काही महिन्यांतच इट्रियम, बेरियम आणि तांबं यांचं ऑक्साइड आलं, ९३ केल्विनचं. ही नुसत्या आकड्यातली वाढ नव्हती. द्रवरूप नायट्रोजन ७७ केल्विनला उकळतो, तो हवेतून काढता येतो आणि हेलियमच्या मानाने अगदी स्वस्त पडतो. म्हणजे पाळीची वाट न बघता, फुगे न लावता, साध्या थर्मासमध्ये हा चमत्कार कोणालाही करून बघता येणार होता. १८ मार्च १९८७ला न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात या विषयावर भरलेली सभा पहाटेपर्यंत चालली. आपल्याकडे त्याच वर्षी जानेवारीत बंगळुरूच्या परिषदेत अमेरिकन सिद्धांतकार फिलिप अँडरसन यांनी या पदार्थांबद्दलची आपली कल्पना मांडली होती, आणि पुढे ती फुलवणाऱ्यांत आपले गणपती बास्करन होते.

भाईंच्या प्रयोगशाळेतही धांदल उडाली. कृती तशी साधी. इट्रियमचं ऑक्साइड, बेरियमचं कार्बोनेट, तांब्याचं ऑक्साइड, १, २ आणि ३ या प्रमाणात धातू येतील असं वजन करून अगेटच्या, म्हणजे अकीक दगडाच्या, खलात घोटायचं. घोटायचं म्हणजे तासन्‌तास. खलाचा आवाज आधी खरखरीत येतो, मग पीठ बारीक होत जातं तसा मऊ पडतो, आणि कानाला कळतं की आता पुरे. भट्टीत साडेनऊशे अंशांच्या आसपास भाजायचं, काढून परत घोटायचं, साच्यात दाबून चपटी गोळी करायची, पुन्हा भाजायचं, आणि मग ऑक्सिजनच्या झोतात अगदी सावकाश थंड होऊ द्यायचं. घाई केली तर गोळीत ऑक्सिजन पुरेसा शिरत नाही आणि मग ती कामाची राहत नाही. भाई चतुर्थीला घरी आले तेव्हा हे आईला समजावून सांगत होते. ती म्हणाली होती म्हणे, “मुंबईत तासभर घोटत बसतोस, घरच्या रगड्याला कधी हात लावला नाहीस.” त्या वर्षी खोबऱ्याचं वाटण भाईंनी केलं.

त्यांची पहिली गोळी हिरवी निघाली.

हिरवी म्हणजे प्रमाण बिघडलेलं. तेच तीन धातू, पण इट्रियम जास्त, बेरियम आणि तांबं कमी. दिसायला सुंदर, शेवाळासारखी हिरवीगार, आणि वीज अजिबात वाहून न नेणारी. चांगली गोळी काळी असते. मग काळ्या गोळीवर हिरवे ठिपके येऊ लागले, मग ठिपके कमी झाले, आणि एका संध्याकाळी निखळ काळी गोळी आली. तिच्यावर चांदीच्या लेपाने चार बारीक तारा चिकटवल्या, बाहेरच्या दोन प्रवाहासाठी, आतल्या दोन विजेचा दाब मोजण्यासाठी, आणि ती नायट्रोजनकडे हळूहळू खाली सोडली. वहीतलं ते पान मी पाहिलं. निळ्या शाईत तापमान आणि विरोध यांच्या जोड्या खाली खाली येत जातात, ९३च्या जरा अलीकडे आकडे भराभर घसरतात, आणि मग एकाखाली एक शून्यं. पानाच्या कडेला कोणीतरी पेन्सिलीने वेळ लिहिली आहे आणि चौघांच्या सह्या आहेत. जगात ते आधी झालेलं होतं. तरीही आपल्या हातची गोळी शून्यावर येताना पाहणं म्हणजे काय, ते त्या सह्यांच्या आकारावरून कळतं. चारही सह्या नेहमीपेक्षा मोठ्या आहेत.

ती गोळी भाईंनी पुढे गोव्यात आणली होती, ऐन पावसात. डेसिकेटरमधून, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या भांड्यातून, काढून साध्या डबीत आणली आणि महिनाभरात ती वरून पांढुरकी झाली. दमट हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड तिच्यातल्या बेरियमला खातात. आपल्या गावच्या हवेने आपलं काम खाल्लं, असं ते म्हणाले, आणि त्यावर बराच वेळ गप्प राहिले.

१९८७ची गर्दी ओसरल्यावर भाई परत धातूंच्या मिश्रणांकडे वळले. इथून पुढची त्यांची कारकीर्द कुठल्याही वर्तमानपत्रात आली नाही. आर्गॉनच्या वातावरणात विजेच्या ठिणगीने धातू वितळवायचे, पाण्याने गार ठेवलेल्या तांब्याच्या ताटलीवर त्यांचं बटण तयार व्हायचं, ते उलटवून पुन्हा वितळवायचं, गार करायचं, मोजायचं. बहुतेक वेळा काहीच घडायचं नाही. वहीत पानामागून पान त्याच दोन शब्दांनी संपतं, ‘संक्रमण नाही’, म्हणजे अडथळा संपण्याचा तो बदल घडलाच नाही. मी विचारलं, इतकी वर्षं ‘नाही’ लिहिताना कंटाळा नाही आला? ते म्हणाले, “नाही हेही उत्तरच. कोणीतरी एकदा नीट मोजून लिहून ठेवलं की पुढच्याला तिथे परत जावं लागत नाही.”

स्वतःच्या कामापेक्षा दुसऱ्यांच्या कामाबद्दल ते जास्त खुलतात. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या १९९४च्या शोधाची गोष्ट त्यांनी मला एकदा नाही, पुन्हा पुन्हा सांगितली. आर. नागराजन आणि त्यांचे सहकारी इट्रियम, निकेल आणि बोरॉन यांचं मिश्रण तपासत होते. १२ केल्विनच्या आसपास एक बारीकशी घसरण दिसली. एवढीशी की अशुद्धी म्हणून कोणीही पुढे गेलं असतं, त्यातून निकेल म्हणजे चुंबकीय धातू, आणि चुंबकत्व हे सहसा या अवस्थेचं वैरी. ते पुढे गेले नाहीत. शोध घेत घेत कळलं की नमुन्यात अजाणता शिरलेल्या कार्बनची ती करामत आहे. कार्बन मुद्दाम घातला आणि अख्खा नमुना विरोधशून्य झाला. पदार्थांचं एक नवं कूळच त्यातून उघडलं. त्याच संस्थेत पुढे एस. रामकृष्णन यांच्या चमूने शुद्ध बिस्मथमध्ये हीच अवस्था दाखवली, ०.५३ मिलिकेल्विनला, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या वर अर्ध्या सहस्रांशावर. “ती घसरण पाहणारा डोळा,” भाई म्हणाले, “तो पगारावर मिळत नाही.” ते त्या चमूत नव्हते. तरी बोलताना त्यांचा चेहरा आपल्याच घरचं लग्न ठरल्यासारखा उजळला होता.

२०२३च्या जुलैत कोरियातून बातमी आली की खोलीच्या तापमानाला विरोधशून्य होणारा पदार्थ सापडला. गावातल्या कॉलेजच्या मुलांनी भाईंना घेरलं. त्यांनी आलेख मागवून घेतला, चष्मा वर करून बघितला आणि एवढंच म्हणाले की अजून कोणीतरी करून बघू दे. काही आठवड्यांत इतरांनी केलं, आणि ती घसरण नमुन्यात मिसळलेल्या तांब्याच्या सल्फाइडची निघाली, जे शंभर अंशांच्या थोडं वर आपली रचना बदलतं. मुलं हिरमुसली. भाईंनी त्यांना दुपारभर बसवून त्या सल्फाइडबद्दल सांगितलं. अशुद्धी कशी ओळखायची, हे शिकवायला याहून चांगला आलेख मिळणार नाही म्हणाले.

मावशीचा प्रश्न मी विसरले नव्हते. श्रावणात भाई आमच्याकडे आले तेव्हा तिने तो त्यांना थेटच विचारला. त्यांनी उलट विचारलं, मणक्याचा एमआरआय काढला होतास ना, यंत्र ठोकायचं थांबल्यावरही चुक चुक असा बारीक आवाज येत होता का? तिला आठवत होता. तो हेलियम गार ठेवणाऱ्या पंपाचा आवाज, त्यांनी सांगितलं, आणि त्या हेलियममध्ये नायोबियम आणि टायटेनियमच्या तारेचं वेटोळं बुडवलेलं असतं, त्यात कधीतरी एकदा सोडलेली वीज अजून फिरतेय. फिरते कशी, थांबत का नाही, तिने विचारलं. मग त्यांनी १९५७ साली बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांनी लावलेली उपपत्ती तिला सांगितली, तीही कोंकणीत. बाजारात एकटा माणूस धक्के खात चालतो, पण दिंडी निघाली की जोडीजोडीने सगळे एका टाळावर पावलं टाकतात, त्यातल्या एकालाच धक्का देऊन बाजूला काढता येत नाही, अख्खी दिंडी मोडावी लागते, आणि तेवढा जोर त्या थंडीत कुठल्याच धक्क्यात नसतो. मावशी ऐकत होती. मग म्हणाली, आणि त्या काळ्या गोळीत? तिथे तर एवढी थंडी नाही.

भाईंनी माझ्याकडे पाहिलं. तांब्याच्या त्या ऑक्साइडांत इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जमतात हे नक्की, पण त्या नेमक्या कशाने जमतात यावर जगभरच्या मोठमोठ्या सिद्धांतकारांचं अजून एकमत नाही. चाळीस वर्षं होत आली. “ते अजून कळलेलं नाही,” ते मावशीला म्हणाले, आणि हे सांगताना त्यांना जो आनंद झाला तसा सत्काराच्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसला नव्हता.

सध्या आम्ही वह्या संगणकावर उतरवून घेतोय. ते वाचतात, मी टंकते. ‘संक्रमण नाही’ची सगळी पानं जशीच्या तशी घ्यायची असं ठरलं आहे, तापमान, प्रमाण, भट्टीची वेळ, आणि त्या रात्री हेलियम कोणी भरला त्याचं नावसुद्धा. आता मानपत्र लिहायचं झालं तर मी ही यादीच वाचून दाखवेन, आणि लोक ऐकतील याची मला खात्री आहे. आठ-पंधरा दिवसांपूर्वी एका पानावर भाई अडले. एका मिश्रणाच्या आकड्यांत, खाली ‘संक्रमण नाही’ असं त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं असताना, शेवटच्या तीन ओळींत विरोध किंचित घसरलेला दिसतो. हेलियम तिथेच संपला होता, तसं समासात लिहिलंय. पुढे तो नमुना परत मोजायचा राहून गेला. त्यांनी त्या पानाचा फोटो त्यांच्या एका जुन्या विद्यार्थिनीला पाठवला, तिची आता स्वतःची प्रयोगशाळा आहे. काल तिचा निरोप आला. नमुना नसला तरी चालेल, नव्याने करून बघते म्हणाली, फक्त बोरॉन किती शुद्ध होता आणि बटण किती वेळा उलटवलं होतं तेवढं कळवा. बोरॉनचं वहीत आहे. बटण किती वेळा उलटवलं, ते भट्टीच्या नोंदवहीत असणार, आणि ती पेटीच्या तळाशी आहे. आज दुपारी पाऊस थांबला की ती काढायची आहे.